गुंडाच्या काळजाची वीस मिनिटे

मी एक जुना नायट्रोजनचा डबा आहे. पोटाने मोठा, गळ्याने अरुंद, खांद्याला दोन कड्या. सांगलीच्या एका दवाखान्याच्या अडगळीत आडवा पडलो आहे. मित्रांनो, माझी गोष्ट सरळ येणार नाही. मधला एक तुकडा मी आधी गाळणार आहे.

मला दोन भिंती आहेत. त्यांच्यामधली हवा कारखान्यातच काढून टाकली, म्हणून बाहेरची ऊब आत येत नसे. पोटात पातळ नायट्रोजन. बर्फसुद्धा त्याच्यापुढे कोमट. पहिली काही वर्षे मी तासगावला जनावरांच्या दवाखान्यात होतो. माझ्यात जातिवंत वळूंचे बीज ठेवत. लोक मला बैलाचा डबा म्हणत आणि वाट करून देत.

१९७६ साली डॉक्टर लीलाबाईंनी मला सांगलीला मागून आणले. त्यांना माणसाचे काळीज जपायचे होते. काळीज म्हणजे यकृत.

जतकडच्या माळावरचा गुंडा नावाचा मेंढपाळ त्यांच्याकडे पडून होता. डोळे पिवळे, पोट फुगलेले. त्याचा बाप असाच चाळिशीत गेला होता, चुलताही. धाकटा भाऊ बिराप्पा पायथ्याशी बसे. त्याचे डोळे अजून पांढरे होते.

लीलाबाईंनी त्यांना समजावले. शरीरातली प्रत्येक पेशी काम चालवण्यासाठी बारीक चिठ्ठ्या लिहिते. त्यांना आरएनए म्हणतात. पेशीत काय बिघडले ते त्यांच्यात वाचता येईल, असे पुण्याच्या प्रयोगशाळेला वाटते. पण माणूस गेला की पेशीच त्या चिठ्ठ्या फाडू लागते. लगेच गोठवले तरच त्या टिकतात.

"म्हंजे मी गेल्यावर कापणार," गुंडा म्हणाला.

"चिंचोक्याएवढा तुकडा. तुम्ही हो म्हटलात तरच. आणि तुम्हाला त्याचा उपयोग नाही, हेही सांगते."

गुंडा म्हणाला, "बाई, कळपात मेंढरू मेलं की आमी पयलं त्येचं काळीज बघतो. त्यावरनं कळतं कसला रोग हाय. मग बाकीची वाचवायची. माझं बघा की."

त्याची बायको हरणाबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आवं, पर ह्यो तर बैलाचा डबा."

"मग? तू मला दुसरं काय म्हणत हुतीस?"

ती हसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

गुंडा एका सोमवारी सकाळी गेला. लीलाबाईंनी पंधरा मिनिटांत तुकडा घेतला, पत्र्याच्या पातळ कागदात गुंडाळला आणि माझ्यात सोडला. गाव लांब, म्हणून त्याच दिवशी कृष्णाकाठी दहन झाले. पुण्याला जाणारी गाडी बुधवारी होती. बुधवारी मी गेलो.

पंधरा दिवसांनी पत्र आले. तुकड्यातल्या चिठ्ठ्यांचे तुकडे झाले होते. एकही ओळ लागत नव्हती.

लीलाबाईंनी पत्र दोनदा वाचले. "माझाच हात हळू चालला, आकाराम. मला उशीर झाला." आकाराम दवाखान्यातला शिपाई, मला सांभाळणारा. तो खाली बघत राहिला.

मित्रांनो, आता गाळलेला तुकडा.

मंगळवारी सकाळी गुंडाची बहीण सुलाबाई आली. मेंढरे घेऊन ती खंडाळ्याकडे उतरली होती. भाऊ अंथरुणाला खिळल्याचा निरोप तिला उशिरा पोचला. ती आली तेव्हा राख सावडायची वेळ झाली होती. त्यांच्यात बहिणीने तोंड बघितल्याशिवाय भावाला उचलत नाहीत. गुंडाला उचलले होते.

"त्येच्यातलं कायतरी हितं हाय म्हणं," ती आकारामला म्हणाली. "तेवढं तरी बघू दे रं."

"बाई, उघडायचं न्हाई. सक्त सांगितलंय."

"तुला भण हाय का?"

आकारामने मान डोलावली.

"तिला असं दारातनं परत लावशील?"

त्याने माझे बूच काढले.

सुलाबाईने तुकडा कागदासकट हातावर घेतला. थंडीने बोटांची कातडी त्याला चिकटली. तिने हात मागे घेतला नाही. "किती गार पडलाय माझा भाऊ," ती म्हणाली. आणि तिने तो पदरात धरून दोन्ही तळव्यांत दाबला. ऊब देण्यासाठी.

वीस मिनिटे. तुकडा मऊ झाला. कागदावर थेंब जमले.

मग आकारामने तो परत माझ्यात सोडला. तो पुन्हा दगडासारखा झाला. पहिल्यासारखाच दिसत होता. आतल्या चिठ्ठ्या फाटल्या होत्या, ते मला ठाऊक होते. पण सांगायला मला तोंड नाही.

१९७८ साली बिराप्पा आला. डोळे पिवळे. या वेळी सुलाबाई बरोबरच होती, आपली मेंढरे दुसऱ्याच्या स्वाधीन करून आली होती.

"आता माझं बघा," बिराप्पा म्हणाला. "गुंडादादाची दोन पोरं हायती मागं."

"या वेळी मी उशीर करणार नाही," लीलाबाई म्हणाल्या. "मागच्या वेळी झाला."

सुलाबाईने आपली बोटे पुढे केली. टोकांवर पांढरे, गुळगुळीत डाग होते.

"तुमाला न्हाई झाला बाई. मला झाला."

आकाराम दाराशी उभा होता. लीलाबाई बोटांकडे बघत राहिल्या, मग त्याच्याकडे. कोणावर रागावावे ते त्यांना कळेना. "मीच तुम्हाला आधी बोलवायला हवं होतं," एवढे त्या शेवटी म्हणाल्या.

नऊ दिवस सुलाबाई भावाचे तोंड बघत बसली. दहाव्या दिवशी बिराप्पा गेला आणि तुकडा माझ्यात आला. गाडीला दोन दिवस होते. दोन्ही दिवस ती माझ्याशेजारी जमिनीवर बसून होती, बुचावर तळहात ठेवून. चुलतभाऊ आले, भावकी आली.

"उघड की गं, बघू दे."

"बघायचं तवा कुटं हुता?" ती म्हणायची. हात काढायची नाही.

पत्र आले. चिठ्ठ्या अखंड होत्या. पुण्यात त्यांचे वाचन सुरू झाले. त्यात काय निघाले ते मला कोणी सांगितले नाही. पुढे माझ्या भिंतीला चीर गेली, मी थंडी धरीनासा झालो आणि इथे आलो.

मित्रांनो, कोणी विश्वासाने दिलेली वस्तू जपायची असेल, तर बूच नीट लावा. पण त्याआधी ज्यांना बघायचे आहे त्यांना बोलवा. ते लांब असतील. त्यांना यायला वेळ लागतो.