बेसिनमधला भोवरा

सकाळी देवापुढे दिवा लावेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. न बोलणाऱ्या माणसाला दिसतं मात्र जास्त.

सासूबाईंचा उजवा हात मोडला, म्हणून त्या थोरल्या दिरांकडून आमच्याकडे आल्या. हात बरा झाला की परत जायचं, असं दोघा भावांत ठरलेलं. प्लास्टर निघून महिना झाला, तरी बोटं वळत नाहीत म्हणायच्या. वेणी मी घालायची, बटणं मी लावायची.

रोज सकाळी त्या बेसिनला बूच लावून आपले दोन रुमाल डाव्या हाताने खळबळायच्या आणि बूच काढायच्या. पाणी घड्याळाच्या काट्यांसारखं फिरत खाली जायचं. त्या मंगळवारी ते उलटं फिरलं. बुधवारीही.

नळीत काही अडकलं असेल म्हणून जेवताना यांना सांगितलं. हे नळदुरुस्तीच करतात.

"पृथ्वी फिरते तसं पाणी फिरतं म्हणतात ना?" मी विचारलं.

"ते समुद्रावरच्या वादळांचं. आपल्या बेसिनला पृथ्वी ओळखतसुद्धा नाही. हात जसा फिरला असेल, तसं पाणी फिरतं." यांचा घास थांबला. "कोणाचा हात?"

"तू नळ दुरुस्त करतोस की पोलिसात आहेस?" सासूबाई म्हणाल्या. डाव्या हातातला चमचा त्यांनी जरा जास्तच थरथरवला.

मला रात्रभर तेच. डावा हात एका बाजूने फिरतो, उजवा त्याच्या उलट. म्हणजे मी वेण्या घालत बसले आणि सासूबाईंची बोटं आतून ठणठणीत?

गुरुवारी मी न्हाणीच्या दाराशी उभी राहिले. सासूबाईंचा उजवा हात पाण्यात छान गोल फिरत होता. आरशात त्यांना मी दिसले. हात थांबला.

"बोलू नकोस, नेम मोडेल," त्या हळूच म्हणाल्या. "तिकडे मी तोंड उघडलं की टीव्हीचा आवाज वाढतो ग. तू निदान ऐकतेस. सकाळी तुला दुसरा इलाजच नसतो, ते ठाऊक आहे मला. तरी ऐकतेस."

बाहेर चपला वाजल्या. "आई, बूच राहू दे," हे म्हणाले. "मी काढतो."

सासूबाईंचा चेहरा उतरला. थोरल्या दिरांना एक फोन गेला, की रविवारी सासूबाईंची बॅग भरलेली असणार.

मी पुढे झाले. रुमाल उचलून त्यांच्या डाव्या हातात दिले, माझा डावा हात पाण्यात घातला आणि त्यांच्या उजव्या हाताच्या उलट दिशेने दोनदा फिरवला.

यांनी वाकून बूच काढलं. पाणी घड्याळासारखं, अगदी शहाण्यासारखं फिरत गेलं.

"नळी ठीक आहे," हे म्हणाले. मग माझ्या ओल्या मनगटाकडे पाहिलं. "तू इथे काय करत होतीस?"

मी देवघराकडे बोट दाखवलं. दिवा लागायचा होता.

त्या दिवशी फार उशीर झाला. हे कामावर जाईपर्यंत मला वातच सापडेना.