नवऱ्याची तक्रार

आमचे हे म्हणजे कुरकुरीची खाण. जेवणात मीठ कमी, उशी कडक, शेजाऱ्याचा कुत्रा आगाऊ. त्या तोंडापायीच मारामारी झाली नि तुरुंगात जाऊन बसले. आणि परवा मी भेटीला गेले तर म्हणतात, "सगळं छान आहे गं. जेवण तर विचारूच नकोस!"

ह्यांच्या तोंडी कौतुक म्हणजे नक्की काहीतरी बिनसलंय. "माझ्यापाशी थापा मारू नका. काय झालं ते सांगा."

मग बोलले. तुरुंगाच्या स्वयंपाकघरात हे कणीक मळायचे. तिथे एका शिपायाने म्हाताऱ्या कैद्याला काठीने बडवलं. ह्यांनी थेट कोर्टाकडे तक्रार केली. झालं! काम काढून घेतलं, एकट्याच्या कोठडीत टाकलं. वर शिपायाची धमकी, तक्रार मागे घे, नाहीतर लांबच्या तुरुंगात धाडतो.

"घेतो मागे," हे म्हणाले. "तिकडे नेलं तर तू कशी येशील? तुझे गुडघे..."

"गुडघे गेले खड्ड्यात!" मी ओरडले. ओरडता ओरडता रडूही आलं. आयुष्यभर नको तिथे तोंड उघडलं ह्या माणसाने, आणि हवं तिथे उघडलं तर माझ्यापायी मिटायला निघाला. "मागे घेतलीत तर घरात घेणार नाही, सांगून ठेवते."

तिथून तडक ह्यांच्या वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "तक्रार केली म्हणून कैद्याला छळणं बेकायदा आहे. कोर्टापुढे नेऊ. पण बोलायला त्यांनाच हवं."

कोर्टात हे उभे, नि पाठीमागे तोच शिपाई. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "तक्रार मागे घ्यायची आहे का?" ह्यांनी मान वळवून शिपायाकडे पाहिलं. बाईंनी एकवार दोघांकडे पाहिलं. "शिपाई, तुम्ही बाहेर थांबा." दार लागलं. "आता सांगा. कुणाची भीती वाटते?"

"शिपायाची वाटते, बाई," हे माझ्याकडे बघत म्हणाले. "पण हिची जास्त वाटते."

सगळे हसले. मग ह्यांनी अथपासून इतिपर्यंत सांगितलं, कुठेही न अडखळता. बाईंनी तिथल्या तिथे हुकूम दिला. चौकशी होईपर्यंत ह्यांना हलवायचं नाही, कोठडीतून काढायचं, काम परत द्यायचं, आणि त्या शिपायाने ह्यांच्या आसपासही फिरकायचं नाही.

ह्यांना परत नेताना मी पुढे झाले नि सगळ्यांदेखत हात धरला. तळवा घामाने भिजला होता. कुणी अडवलं नाही.