लीलाबाईंनी बिघडवलेला डबा

लीलाबाईंना आज एक चांगला दमदार बिघाड हवा होता, आणि नेमके आजच त्यांच्याकडचे बिघाड संपले होते.

डब्याची पिन अर्धवट उपसून झाली होती. आवाजाचं बटण शून्यावर नेऊन झालं होतं. एका रविवारी तर त्यांनी स्पीकरची वायर चक्क विळीवर धरून कापली आणि तो गुन्हा उंदराच्या नावावर खपवला. त्यापायी बिचाऱ्या उंदरांसाठी घरात पिंजरा आला. एवढं करून हाती काय लागलं? काही नाही.

सगळा उपद्व्याप होता तो नवऱ्यासाठी. लालासाहेब लष्कराच्या सिग्नलमध्ये सुभेदार होते. रिटायर होऊन माधवनगरात घर बांधलं, तरी माणूस अजून सिग्नलमध्येच. बंद पडलेलं मशीन घरात दिसलं की त्यांना घास उतरत नसे. शेजाऱ्यांचे रेडिओ, मिक्सर, पिठाच्या गिरणीची मोटर, सगळं ते हौसेनं उघडून बसत. एकच गोष्ट मात्र त्यांनी दोन वर्षं तशीच बंद ठेवली होती, ती म्हणजे पोटच्या पोरीशी बोलणं.

अंकितासाठी त्यांनी वडूजचं स्थळ बघितलं होतं. मुलगा फौजेत, घरची बागायत, बोलणी झालेली. पोरीनं नाही म्हटलं आणि ध्वनीचं शिक्षण घ्यायला इंग्लंडची वाट धरली. "ध्वनीचं कसलं शिक्षन? आमी काय बहिरे हाय व्हय?" असं म्हणत लालासाहेब फाटकापर्यंत आले आणि तिथं उभं राहून म्हणाले, "आजपासनं माझ्याकडची लाइन बंद." बापाची जिद्द लेकीत उतरलेली. तिनंही मग बापाला फोनवर बोलावलं नाही.

तिकडं कॉलेजच्या रेडिओवर तिला दर रविवारी तासभर मिळाला. ती हिंदी-मराठी गाणी लावायची, अधूनमधून बोलायची, आणि ते सगळं इंटरनेटवरून कुठंही ऐकू यायचं. पुण्याला नोकरी लागलेल्या थोरल्यानं, जयराजनं, आपला कॉम्प्युटर घरी ठेवला होता आणि रेडिओ कसा लावायचा ते आईला शिकवलं होतं. अंकितानं ओळखीच्या माणसाबरोबर एक डबा पाठवला होता. कॉम्प्युटरमधले आकडे तो घ्यायचा, त्यांचा आवाज करायचा आणि लालासाहेबांनी स्वतः जुळवलेल्या अँप्लिफायरला द्यायचा. लालासाहेबांनी त्या डब्याकडं ढुंकूनही बघितलं नाही. तिचा डबा तिला लखलाभ, म्हणाले.

तेव्हा लीलाबाईंनी तो पहिल्यांदा बिघडवला, आणि सुभेदार आपसूक स्टुलावर येऊन बसले.

पण गडी मोठा पाताळयंत्री. बिघाड सापडला, गाणं वाजलं, की लगेच उठायचा. "झालं तुझं मशीन," म्हणायचा आणि पोरगी बोलायला लागायच्या आत परसात जाऊन शेवग्याच्या शेंगा मोजत बसायचा. लीलाबाईंचा नुसता जळफळाट व्हायचा.

आज मात्र शेवटचा कार्यक्रम होता. अंकिताचं शिक्षण संपलं होतं, तिकडं नोकरी चालून आली होती. तिनं आईला सांगून टाकलं होतं, "बाबा स्वतःहून एक शब्द बोलले तर मी घरी येते. नाहीतर इथंच सही करते." लीलाबाई दोघांनाही मनात शिव्या घालत होत्या. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं अशी ही बाप-लेक, आणि मधल्या मधे आपलं भरीत.

दुपारी भाकरी खाऊन लालासाहेब आडवे झाले तशा त्या मांजराच्या पावलांनी डब्याकडं गेल्या. उलटापालटा करून बघितला. पाठीमागं एक बारीक खटका होता, नखानं सरकवायचा. त्याला तीन जागा. आजवर तो मधल्या जागी होता आणि त्याला कुणी हात लावला नव्हता. लीलाबाईंनी देवाचं नाव घेतलं आणि खटका एका टोकाला सारला.

मग त्यांनी फोनची वायर काढून मोडेमला लावली. मोडेमनं नेहमीसारखा गळा काढला, बऱ्याच वेळानं रेडिओ लागला, आणि स्पीकरमधून एक रेडा गायला लागला. निदान लीलाबाईंना तसं वाटलं. गाणं बाईचं होतं, पण आवाज जाडाभरडा आणि चाल अशी की गाणारी झोपेतून उठलीच नाही.

"आवं," त्यांनी हाक मारली, "ह्याला काय झालंय बघा की."

"पिन बघ," आतून आवाज आला.

"पिना सगळ्या जाग्यावर हायती. ह्यो रोगच येगळा हाय."

वेगळा रोग म्हटल्यावर सुभेदार उठले. चष्मा लावला, स्टूल ओढलं. आधी करंट बघितला, मग वायरी, मग सांधे. त्यांची पद्धत ठरलेली, एक पायरी सोडायची नाही. अँप्लिफायरला जुना टेप जोडून बघितला, तो व्यवस्थित वाजला. म्हणजे दोष डब्यात. शेवटी बोटं चाचपडत खटक्यापाशी आली. सुभेदारांनी एकवार बायकोकडं बघितलं. लीलाबाई अगदी गरीब गाईसारखं तोंड करून भिंतीवरच्या कॅलेंडरात चतुर्थी शोधत होत्या.

खटका आवाजाच्या वेगाचा आहे हे त्यांनी ताडलं आणि तो पार दुसऱ्या टोकाला नेला. तेवढ्यात गाणं संपलं आणि अंकिता बोलायला लागली. आवाज बारीक, भरभर, चिमणीसारखा.

लालासाहेबांचा हात खटक्यावरच राहिला.

"शाळेत व्हती तवा अशीच बोलायची," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कुणास ठाऊक. दोन वर्षांत त्यांच्या तोंडून पोरीचा विषय पहिल्यांदा निघाला होता.

त्या वेगाला आकडे पुरत नसल्यानं आवाज मधेच अडकायचा, थांबायचा, पुन्हा धावायचा. लालासाहेब बराच वेळ तसेच ऐकत बसले. दुरुस्तीचं नावच नाही. मग मान हलवून म्हणाले, "पर ही आत्ताची न्हवं. तिचा आवाज भरीव हाय, तुझ्यागत."

"मला काय बाई कळत न्हाई त्यातलं," लीलाबाई म्हणाल्या. "तुमीच वळखा."

आता सुभेदारांची पंचाईत झाली. गाणं कुणाचंही असतं तर अंदाजानं भागलं असतं. पण आता पोरीचा आवाज लावायचा होता, आणि तो बरोबर लागला की नाही हे तिचं बोलणं ऐकल्याशिवाय कळणार कसं? परसात जाण्याची सोय राहिली नाही. त्यांनी खटका नखानं हळूच मधे आणला आणि कान स्पीकरला लावला.

"...तर आज हा माझा शेवटचा रविवार," अंकिता बोलत होती. तीच, पुरी वाढलेली, थोडी बसलेल्या घशाची. "मी एका सिग्नलवाल्याची मुलगी आहे. आमच्याकडं नियम होता, कुणी आवाज दिला की पलीकडच्यानं पोच द्यायची. लहानपणी मी माडीवरून ओरडायची आणि बाबा खालून सांगायचे, स्पष्ट येतोय. म्हणून एकदाच विचारते. माझा आवाज कसा येतोय?"

"स्पष्ट येतोय," सुभेदार ताठ बसून खणखणीत आवाजात बोलले.

बोलून गेले आणि स्वतःच दचकले. तिकडं काहीच उमटलं नाही. अंकितानं घसा खाकरला आणि ती पुढच्या गाण्याचं नाव सांगायला लागली.

"हिला ऐकू गेलं न्हाई?" लालासाहेबांनी विचारलं.

"कसं जाईल? रेडिओ हाय त्यो. नुसता यायचाच रस्ता."

"मग तिला वाटंल, कुनी ऐकतच न्हाई."

"दोन वर्सं तेच तर वाटतंय तिला," लीलाबाई म्हणाल्या, आणि आता त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती.

सुभेदार उठले. एवढ्या मेहनतीनं लावलेला रेडिओ वाजत होता, आवाज काचेसारखा स्वच्छ होता, आणि त्यांनी मोडेमची वायर स्वतःच्या हातानं उपसून फोनला लावली. पोरीचं गाणं मधेच तुटलं. "हिकडनं परदेशी फोन लागत न्हाई," ते हताशपणे म्हणाले.

"लागतुया. मी गेल्या महिन्यातच सोय करून घेतलीया."

त्यांनी बायकोकडं नीट बघितलं. "उंदीर तूच न्हवं का?"

"आकडे सांगू का उंदरावर बोलायचं हाय?"

स्टुडिओचा नंबर लीलाबाईंना तोंडपाठ होता. त्या एकेक आकडा सांगत गेल्या, सुभेदार दाबत गेले. पलीकडं कुणीतरी साहेबी इंग्रजीत बोललं. लालासाहेबांनी फौजेतल्या इंग्रजीत अंकिता मागितली आणि सावधानमध्ये उभे राहिले.

"हॅलो," थोड्या वेळानं ते म्हणाले. "स्पष्ट येतोय. ... व्हय, मीच. ... घसा बसलाय तुझा, हळद घालून दूध पी. आन् कवा येतीयास ते सांग, स्टेशनावर मी येतो."

मग त्यांनी रिसीव्हर कानापासून दूर धरून बघितला, झटकला, पुन्हा कानाला लावला. वायर सरळ केली. खाली वाकून भिंतीतली पिन दाबली.

"लयच खरखर येतीया," ते म्हणाले. आणखी थोडं ऐकलं, आणि मग त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी रिसीव्हर बायकोच्या हातात दिला आणि चष्मा काढला.

"लाइन चांगली हाय," ते म्हणाले. "पोरगी रडतीया. तू बोल. हे मला दुरुस्त करता याचं न्हाई."