जुईचं पाणी

जुईच्या पानाची कड करपली होती — मधे अजून हिरवं, कडेला विडीच्या टोकासारखं तपकिरी — आणि नंदिनीनं ते बोटांत धरलं तसं ते चुरलं. कालच्यापेक्षा आज अशी पानं जास्त होती. पाणी तर ती रोज घालत होती. मार्चमध्ये आई गेली, आणि आईनं लावलेलं, जिवंत असं, मनीषनगरच्या या घरात एवढंच राहिलं होतं... कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी सकाळी बादलीत काढायचं, जुईच्या बुडाशी ओतायचं, मग दिवसाला सुरुवात झाल्यासारखं वाटायचं.

"काहून वं नंदिनी, कूलरचं पाणी टाकून राहिली का वेलीले?" भिंतीपलीकडून शेजारच्या शोभाकाकू.

"हो काकू. फेकायचं कशाला?"

"अवं, बोअरचं पाणी, अन् टाकीत आटून आटून नुसतं मीठ! तू पिऊन पाहा बरं एक गिलास. आता बुडाशी वीतभर ठेव, बाकी सारं काप. पावसात फुटते जुई. तुह्या मायले किती खेप म्हटलं, छाट वं — तिचा हातच नाही उठला."

जाळीवरून, खिडकीवरून, थेट गच्चीच्या कठड्यापर्यंत आईनं ही वेल जुन्या पातळाच्या चिंध्यांनी बांधत नेली होती. सुतळी काचते, म्हणायची. खालून कापलं तर त्या गाठी नुसत्या काड्या धरून बसणार. पावसात जे फुटेल त्याला आईचा हात लागलेला नसेल. आणि नाही कापलं, तर तेही नाही...

ती कात्री घेऊन वाकली. मातीवर पांढरी साय धरली होती. इतकी उघड — आणि आपण पाणी घालतोय, यातच आपण गुंग. वेल बिचारी काय करणार, घालाल ते पिणार... शेवटच्या आठवड्यात मी आईच्या ओठांशी पेजेचा चमचा धरून थांबायचे. आई, एवढाच. मग ती तोंड उघडायची. वाटी रिकामी झाली की मी पुण्याला भावाला फोन करायचे, आज सगळी पेज घेतली, आणि मला बरं वाटायचं. गिळताना तिचे डोळे माझ्यावर असायचे. माझं समाधान झालं का, एवढंच ती बघत असेल का?

"कापलं का वं?" काकू विचारत होत्या.

कात्रीची पाती खोडाला टेकली होती. रडू येईल असं वाटलं. आला तो राग. नको म्हणायचं होतंस ना, आई, एकदा तरी... आणि मग, हाताची पकड तशीच असताना, आठवलं — प्रत्येक चमच्याआधी तिनं मान दुसरीकडे वळवली होती.