पाचवी माळ

मुख्ताने दुधीची शेवटची चकती दाभणाने ओवली, दोऱ्याला गाठ मारली आणि माळा मोजल्या. पाच. ओसरीच्या तुळईला खिळे चारच होते.

"पुरे कर आता," ती लेकीला म्हणाली.

"परसात अजून सात दुधी आहेत, मौजी." दिलशादाने पुढचा चिरायला घेतला.

ऊन छान पडलं होतं. नवलकोलाच्या लोणच्याच्या बरण्यांतून मोहरीच्या तेलाचा वास येत होता. तरी दिलशादाने फिरनच्या बाह्या वर सारल्या नव्हत्या. माहेरी येऊन बारा दिवस झाले, भांडी घासतानाही बाह्या मनगटापर्यंतच.

बर्फाच्या दिवसांसाठी या घरात माणशी दोन माळा सुकवत. दिलशादाचं लग्न झालं त्या हरुदात, चिनार लाल झाले तेव्हा, तिच्या बापाने, अहदने, तुळईचे दोन खिळे उपटले होते. "रिकामा खिळा डोळ्यांत खुपतो," एवढंच म्हणाला होता. भोकं अजून दिसत होती.

शेजारची साजा कुंपणावरून डोकावली.

"दोघंच खाणार, आणि एवढं सुकवतेस? घरजावई आणलास की काय, मुख्ता?"

"दुधी माजलेत यंदा. तुझ्यासारखेच."

साजा खिदळत गेली. मुख्ताही हसली, पण दाभण तिच्या बोटात घुसलं होतं.

आज शुक्रवार. नमाजानंतर दिलशादाचा थोरला दीर तिला न्यायला येणार होता. अहद त्यावर चकार शब्द बोलला नव्हता. काल फक्त विचारलं होतं, "पाहुण्याला चहाबरोबर काय देशील?" म्हणजे लेकीला पाठवायचं ठरलं, असंच मुख्ताने धरलं होतं.

अहद मशिदीतून आला. चटईवरच्या माळांपाशी थांबला.

"ही पाचवी कोणाची?"

"दुधी फुकट जातील म्हणून," मुख्ता घाईने म्हणाली. "साजाला देऊन टाकीन."

"माझी आहे," दिलशादा म्हणाली. सुरी थांबली नाही, पण बाही कोपराकडे सरकली. मनगटावरचा काळानिळा वळ उन्हात आला.

अहदने तो पाहिला. तो घरात गेला. आत पेटी सरकल्याचा आवाज झाला. त्याच पेटीवर दिलशादाची पिशवी ठेवलेली होती. मुख्ताने बोटावरचं रक्त फिरनला पुसलं आणि दाराकडे बघायचं टाळलं.

तो बाहेर आला तो हातोडी घेऊन. शिडी लावून वर चढला, जुन्या भोकात बोट घालून पाहिलं.

"सैल झालंय. जाड खिळे दे. दोन."

मुख्ता उठायला लागली, तोवर दिलशादा उठली होती. खिळे तिनेच दिले.

फाटक वाजलं. "सलाम आलेकुम, चाचा!"

अहदने ओठांत धरलेला खिळा काढला.

"वालेकुम सलाम. बसा, चहा घेऊन जा," तो वरूनच म्हणाला, आणि खिळा भोकावर धरून हातोडी उचलली.