दातांच्या दवाखान्यातली खारी टाकी

मित्रांनो, मी काचेची एक म्हातारी टाकी आहे. आकाराने शिवणयंत्राच्या झाकणाएवढी असेन, फार तर. आता माझ्यात पाणी नसते आणि त्याचेच मला सुख वाटते. त्या पाण्याची आठवण झाली तरी मला अजून शिसारी येते.

काच कापणाऱ्या एका कारागिराने मला जन्म दिला. एखादा गोड्या पाण्यातला मासा सुखाने राहावा, एवढ्याच बेताने त्याने माझ्या भिंती चिकटवल्या होत्या. समुद्र भरायला मी नव्हतेच.

पण दुकानात एक दातांच्या डॉक्टरीणबाई आल्या. दवाखान्यात वाट पाहणाऱ्या पेशंटांसाठी त्यांना समुद्रातले रंगीत मासे हवे होते. सोबत त्यांची धाकटी नणंद होती. तिच्या घरी तशी मोठी टाकी वर्षानुवर्षे नांदत होती. नणंद थेट भिंतीलगतच्या लांबलचक टाकीपाशी जाऊन उभी राहिली. बाई मात्र माझ्यापाशी थांबल्या.

"पहिल्यांदाच करतेय गं," त्या म्हणाल्या. "आधी लहान घेऊन हात बसू दे. जमलं तर मोठी घेऊ."

"वहिनी, नेमकं उलट आहे. मोठ्या टाकीत आपली चूक विरून जाते. हिच्यात चिमूटभर खाणं जास्त पडलं तरी पाणी नासेल. शिवाय पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. एवढ्याशा पाण्यात ते कधी वाढलं, कळायचंही नाही तुला."

दुकानदार मला पुसू लागला. मी स्वागताच्या टेबलावर बरोबर मावत होते. शेवटी तेवढ्यावरच ठरले.

सुरुवातीला माझे काय कौतुक झाले! तळाशी पांढरी वाळू, मध्ये दगड, केशरी पट्ट्यांचे दोन मासे आणि एक निळा. त्या निळ्याची शेपटी एका बाजूला कातरलेली होती. त्याला मैलोगणती पोहायची सवय. माझ्यात तो निघाला की लगेच भिंत यायची. वळला की पुन्हा भिंत. लोक म्हणत, किती खेळतो बघा. तो खेळत नव्हता, मित्रांनो.

मग माझी घाण सुरू झाली. गाल सुजलेले पेशंट वेळ जाईना म्हणून बिस्किटाचा चुरा टाकत. स्वागताच्या टेबलामागची बाई फोनवर बोलता बोलता डबीतले खाणे ओतत असे. खालचे उरलेले कुजत राही. पंख्याच्या वाऱ्याने पाणी उतरे, काठावर मिठाची पांढरी खपली धरे, आणि कुणाच्या तरी लक्षात आले की नळाच्या पाण्याचा तांब्या धाडकन उपडा होई. मासे गपगप तोंड उघडत. माझ्या अंगावर तपकिरी बुळबुळीत थर चढला. मला स्वतःचीच किळस वाटू लागली. शेजारच्याच खोलीत बाई लोकांना दातांवरच्या किटणाबद्दल रागावत होत्या, आणि बाहेर येऊन माझ्याकडे बघत हसत होत्या.

एका सकाळी निळा मासा वाळूवर आडवा पडलेला दिसला. बाईंनी त्याला चिमट्याने उचलले आणि कचऱ्याच्या डब्यात टाकले. दुपारपर्यंत दुसरा निळा मासा माझ्यात सोडला. तो गेला, तेव्हा आणखी एक आला. पाणी तेच, वास तोच. बदलत होते ते फक्त मासे. या गोष्टीची मला जेवढी घृणा आली, तेवढी त्या थराचीही आली नव्हती.

दाढेच्या उपचारासाठी आजोबांबरोबर एक मुलगी वरचेवर येत असे. खुर्चीत बसायची तिला भयंकर भीती वाटे, म्हणून आधी ती माझ्यासमोर उभी राहून निळ्या माशाशी बोलून घेई. एके दिवशी मात्र ती वाकून त्याची शेपटीच निरखत राहिली. मग आत गेली. दार उघडेच होते.

"डॉक्टरकाकू, माझा मासा कुठंय?"

"तोच आहे की गं बाहेर."

"त्याची शेपटी कातरलेली होती. याची नाही."

बाई म्हणाल्या की शेपटी भरून आली असेल. मग नेहमीच्या गोड आवाजात त्यांनी सांगितले, की तोंड उघड, अजिबात दुखणार नाही. मुलीने ओठ घट्ट मिटून घेतले. आजोबांनी समजावले, चॉकलेटचे आमिष दाखवले, मग जरा दटावलेही. शेवटी ती दातांवर दात ठेवूनच बोलली.

"काकू माशाचं खोटं बोलल्या. दुखण्याचंही खोटंच असेल."

आजोबा ओशाळले आणि सुजलेल्या गालाच्या नातीला घेऊन निघून गेले.

बाई बाहेर येऊन माझ्यासमोर बसल्या. बहुधा पहिल्यांदाच त्यांनी मला वाकून हुंगले. त्यांचे तोंड वाकडे झाले. त्यांनी नणंदेला फोन लावला आणि एवढेच म्हणाल्या, की लगेच ये, यातले जगलेत तेवढे तुझ्याकडे घेऊन जा. नणंद झाकणाची बादली घेऊन आली. केशरी जोडी तिने नेली. निळ्याला मात्र उशीर झाला होता. तो बादलीतच मेला.

मला घासायला बाईंना दुपार पुरली नाही. टेबलामागच्या बाईने मला कुणाला तरी देऊन टाकायचे सुचवले. डॉक्टरीणबाई नको म्हणाल्या. ते लोकही हिच्यात समुद्रच भरतील, म्हणाल्या. आता माझ्यात मुलांचे दात घासायचे ब्रश असतात.

दाढेचे दुखणे असह्य झाले, तेव्हा आजोबा मुलीला पुन्हा घेऊन आले. बाई खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसल्या.

"तुझा मासा मेला. माझ्यामुळे मेला. आणि आज तुला दुखेल. थोडंसं, पण दुखेल."

मुलीने त्यांच्याकडे टक लावून पाहिले आणि तोंड उघडले.

मित्रांनो, समुद्राचा मासा पाळायचा असेल, तर तुमच्या टेबलाची लांबी मोजू नका. आधी त्या माशाला किती पाणी लागते ते विचारा. तेवढी जागा नसेल, तर त्याला समुद्रातच राहू द्या.