आई एक, आई दोन

एकतीस वर्षं मी कारखान्याचं भांडार सांभाळलं. नटबोल्टपासून झाडूपर्यंत प्रत्येक खोक्यावर माझ्या हातची चिठ्ठी असायची आणि तिच्यावर वस्तू कशासाठी आहे एवढंच लिहिलेलं असायचं. ती कोणी बनवली याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. भाच्याने फोनवर बँकेचं ॲप घालून दिलं, खाती जोडली आणि विचारलं, "मावशी, यांना काय नावं देऊ?" मी म्हटलं, "वीज. पाणी. आई."

पुढे आईची खाती दोन झाली. घरी आईचं सगळं करायला येणाऱ्या बाईचा पगार म्हणजे 'आई १'. मग आईला वृद्धाश्रमात ठेवावं लागलं, तिथलं बिल 'आई २'. बाईचं काम संपलं त्या दिवशी तिचा नंबर मी फोनमधून पुसून टाकला. 'आई १' मात्र यादीत तसंच राहिलं आणि या महिन्यात बिल भरताना माझं बोट त्याच्यावर पडलं.

हे आता सांगतेय. तेव्हा मला यातलं काही सुचलं नाही. बिल पोचलं नाही म्हणून आश्रमातून फोन आला, तेव्हा मीच त्यांच्यावर डाफरले. मग बँकेचा मेसेज उघडला. पैसे गेले होते दोन आद्याक्षरं आणि एक आडनाव असलेल्या कुणाला तरी. या आडनावाचं माझ्या ओळखीत कोणी नव्हतं. माझा पारा चढला. आपली चूक असेल अशी शंकासुद्धा आली नाही; माझ्या भांडारात कधी एक वॉशर इकडचा तिकडे झाला नव्हता.

तक्रारीच्या अर्जात विचारलं होतं, 'पैसे मिळालेल्या व्यक्तीला आपण ओळखता का?' मी 'नाही' वर खूण केली. खाली मोकळी जागा होती, ती बघून हात शिवशिवले. 'ही व्यक्ती भामटी आहे, तिला सोडू नका,' असं लिहून टाकलं. त्या आठवड्यात एका अनोळखी नंबरावरून चारदा फोन आला होता. कर्ज विकणारे असतील म्हणून चारही वेळा मी तो कापला होता.

मधल्या रविवारी नेहमीसारखी आईला भेटायला गेले. आई मला आता ओळखत नाही. माझा हात धरते, भलत्याच नावाने हाक मारते आणि विचारते, "जेवलीस का गं?" तिची कुणी बालमैत्रीण असेल, असं मी धरून चालले होते. कशाला वाद घालायचा म्हणून दर वेळी म्हणायचे, "हो, जेवले."

मंगळवारी बँकेने बोलावलं. तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"मॅडम, यांना तुम्ही याआधी एक्केचाळीस वेळा पैसे पाठवलेत. दर महिन्याच्या एक तारखेला."

एक तारीख म्हणजे पगाराची. मागे वळून बघितलं तर भिंतीलगतच्या बाकावर बाई बसली होती, मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात. याच हातांनी तिने साडेतीन वर्षं माझ्या आईला न्हाऊ-माखू घातलं होतं.

ती उठली. "ताई, पैसे आले त्याच दिवशी मी फोन केला. तुम्ही उचलला नाहीत. मग परत करायला इथे आले, तर हे म्हणाले, माझ्यावर तक्रार आहे, खातं गोठवलंय." तिने माझ्याकडे बघितलं. "अर्जातली भामटी म्हणजे मीच ना?"

"मला तुझं नाव माहीत नव्हतं," मी म्हणाले. बचाव म्हणून म्हणाले होते. तोंडातून बाहेर पडलेलं माझं मलाच ऐकू आलं आणि कान गरम झाले. खिडकीपुढे रांगेत उभी माणसं आमच्याकडे बघत होती. तिने चारचौघांत चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं.

अधिकाऱ्याने एक कागद पुढे सरकवला. "तक्रार मागे घेताय असं लिहा. ज्यांच्याविरुद्ध होती त्यांचं पूर्ण नाव, तुमच्या अक्षरात."

पेन उचललं आणि तिथेच अडलं. वर बघायची हिंमत होईना. "काय... काय लिहू?"

तिने नाव सांगितलं. आधी आडनाव, मग तिचं स्वतःचं. दर रविवारी आई मला ज्या नावाने हाक मारत होती, ते हेच होतं. पोटच्या मुलीला विसरलेल्या बाईने हे एक नाव जपून ठेवलं होतं आणि जिची शुद्ध शाबूत होती त्या मी ते कधी विचारलंसुद्धा नव्हतं.

कसंबसं लिहिलं, सही केली. अक्षर माझं वाटत नव्हतं.

"उद्यापर्यंत खातं मोकळं होईल," अधिकारी म्हणाला.

"आजचं काय?" तिने विचारलं. मग पिशवी खांद्याला लावली.

मी तिच्यामागे दारापर्यंत गेले. माफी मागायची होती, जीभ रेटेना. निघालं ते भलतंच. "आई तुमची आठवण काढते." तिला 'तुम्ही' म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. "मलाच तुम्ही समजते. दर वेळी विचारते, जेवलीस का?"

तिचा चेहरा पहिल्यांदा हलला. "मग तुम्ही काय सांगता?"

"जेवले म्हणून सांगते."

"या वेळी नका सांगू," ती म्हणाली. "तीन दिवस खातं बंद आहे, ताई."